एक रुपया वर

१

शनिवारी चार वाजून दोन मिनिटांनी जोतीराम चौगुल्यांच्या मोबाइलवर टेंडरचा निकाल आला. त्यांनी चष्मा नाकावर ओढला, निकाल एकदा वाचला, पुन्हा वाचला आणि मोबाइल टेबलावर पालथा घातला.

"किती?" समोर बसलेल्या कांबळेसाहेबांनी विचारलं.

"माझा अडतीसशे तेवीस. त्या राजवीरचा अडतीसशे चोवीस." जोतीरामआबा पुढे झुकले. "एक रुपया वर. परत एकच रुपया! साहेब, माझ्या पेढीतनं भाव फुटालाय."

राजारामपुरीच्या सहाव्या गल्लीत खाली दातांचा दवाखाना, वर डॉक्टर होऊ घातलेल्या पोरांचे क्लास आणि मधल्या मजल्यावर चौगुल्यांची साखरेची पेढी. कारखाना दर शनिवारी साखर विकायला काढतो. व्यापाऱ्यांनी आपापला क्विंटलचा भाव चारच्या आत मोबाइलवरून कळवायचा. चारला सगळे भाव उघडतात आणि ज्याचा भाव जास्त त्याच्या दारात ट्रक. धंदा एवढा सरळ आहे. एखाद्या वेळी रुपयाने हरलं तर माणूस नशिबाला शिव्या घालतो आणि चहा पितो. पण दिवाळीपासून पाचपैकी तीन शनिवार राजवीर या एकाच व्यापाऱ्याकडून बरोब्बर एका रुपयाने हरल्यावर चहा कडू लागणारच.

प्रसेनजीत कांबळे कागलकडच्या कारखान्यात चीफ केमिस्ट होते. पस्तीस वर्षं साखरेचा दाणा भिंगाखाली धरून निवृत्त झाले, आता त्रेसष्टीत होते. त्यांनी साखर चांगली म्हटली की आबा पोतं न उघडता घ्यायचे, असा दोघांचा जुना विश्वास. म्हणूनच आबांनी त्यांना आज मुद्दाम बोलावून घेतलं होतं.

"पोलिसांत का नाही जात?"

"जाऊन काय सांगू? माझ्या डोक्यातला आकडा चोरला म्हणून?" आबा म्हणाले. "साहेब, मी भाव कागदावर लिहीत न्हाय. कुणाला सांगत न्हाय. साडेतीनपातूर डोक्यात पक्का करतोय आणि चारला पाच कमी असताना माझ्या ह्या बोटानं पाठवतोय. मग त्या राजवीरला कळतंय कसं?"

कोपऱ्यातल्या बाकावर भाऊसो बसले होते. आबांचा गुळाच्या बाजारापासूनचा दोस्त, वय अठ्ठ्याहत्तर. तोंडात पान असल्याने त्यांनी नुसतीच मान हलवली. गणपतीत आबांना लकव्याचा हलका झटका येऊन गेला. बोलणं शाबूत राहिलं, चालणं सुधारलं, उजवा हात तेवढा मागे राहिला. समोरच्याची बोटं धरून रोज अर्धा तास दाबायची, असं डॉक्टरांनी सांगितलं. तेव्हापासून भाऊसो रोज तीनला येतात, आबांच्या हाताला कोमट तिळतेल लावतात, हात गार पडू नये म्हणून वर टॉवेल टाकतात आणि दोघं म्हातारे जुन्या बाजारात हिंडून येतात. आजही आबांच्या मनगटावर तेलाची चकाकी होती.

"तुमचा संशय कुणावर?" साहेबांनी विचारलं.

आबांनी आतल्या केबिनच्या काचेकडे पाहिलं. आत त्यांचा पुतण्या यशराज कानाला मोबाइल लावून उभा होता. समोरच्या पडद्यावर लंडनच्या साखरेचा भाव हिरवा-तांबडा होत होता. आबांचा भाऊ आणि भावजय हायवेवरच्या अपघातात गेले तेव्हा हे पोर आठ वर्षांचं होतं. आबांना मूलबाळ नाही. त्यांनी त्याला शाळेत घातलं, शिकवलं, पेढीवर बसवलं.

"त्या पडद्यातनं जग दिसतंय म्हणतोय. जगाला बी इकडचं दिसत आसंल की," आबा म्हणाले. "माझ्या मोबाइलात त्यानंच कायतरी घालून ठेवलंय. दुसरं कोण घालणार?"

"जोत्या, पोरगं तसलं न्हाय," भाऊसो पान गालात सारून घाईने म्हणाले.

"मग कोण हाय ते दाखव!" आबांनी डावा हात टेबलावर आपटला. "साहेब, पुढच्या शनवारपातूर शोधा. न्हाय सापडलं तर सोमवारी यशराजनं पेढी सोडायची. आणि घर बी."

काचेपलीकडे यशराजने मोबाइल कानावरून खाली घेतला. त्याला सगळं ऐकू गेलं होतं.

२

साहेबांनी आठवडा लावायचा नाही असं ठरवलं आणि सोमवारी सकाळीच पेढी गाठली.

दीप्ती पेढीची पत्रं, फोन आणि ट्रकचे परवाने सांभाळायची. तिला विचारायची खोटी, ती बोलतच सुटली. "सर, आबांचा मोबाइल आबांच्या खिशातच असतो. झोपताना उशीखाली असतो, असं ते स्वतःच सांगतात. मी तर हातही लावलेला नाही. आणि सर..." ती थांबली. "सांगू नये, पण सांगते. पाचातल्या एका शनिवारी भाव फुटला नव्हता. आपण अडतीसशे पस्तीसला जिंकलो. राजवीर खूप खाली होता. त्या दिवशी यशराज पेढीवर नव्हता. गगनबावड्याला गेला होता."

साहेबांनी हे वहीत लिहून घेतलं. लिहिताना त्यांना मुळीच बरं वाटलं नाही.

चहा करणाऱ्या झुंबरबाईंची तक्रार वेगळीच होती. "भाव-बिव मला काय कळतंय? मला टॉवेल कळत्यात. रोज एक टॉवेल तेलात बरबाटलेला. दोन म्हाताऱ्यांनी तेलाचा घाणा घातलाय हितं! बरं, साडेतीनला गरम चहा करावा तर भाऊसो पान खायला खाली. चारला वर येणार आणि चहा गार झाला म्हणून मलाच बोलणार."

"आबांच्या खोलीत त्या वेळी आणखी कोण जातं?"

"मी जाती, कपबशी घिऊन. मला धरताय काय?" झुंबरबाईंनी पदर खोचला. साहेब हसून उठले.

यशराज केबिनमध्येच होता. साहेब बसायच्या आत त्याने मोबाइल आणि लॅपटॉप त्यांच्यापुढे सरकवला. "बघा सर. सगळं बघा. पासवर्ड काकांच्या वाढदिवसाचा हाय."

साहेबांनी दोन्ही बाजूला ठेवलं. "गगनबावड्याला कशाला गेलतास?"

"भाऊसोआजोबांना त्यांच्या लेकीकडं सोडायला. काकांनीच धाडलं की. धुकं ह्ये एवढं, वायपर बंद, जीव मुठीत धरून गाडी चालवली." त्याने खांदे उडवले. "आता त्येच माझ्या अंगावर आलंय. मी नव्हतो म्हणून भाव फुटला न्हाय! मला पुण्यात एकानं बोलावलंय सर. सोमवारी जातोय. तुम्हाला सापडलं काय, न सापडलं काय."

"सापडल्यावरही जाणार?"

"सतरा वर्षं त्या घरात जेवलोय. काकांनी मला एकदा विचारलंसुद्धा न्हाय." त्याने पडद्याकडे तोंड फिरवलं. "सोडा. तुम्ही केमिस्ट आहात म्हणून एक सांगतो. ह्यो तिसरा शनिवार बघा. काकांचा भाव अडतीसशे सहा. राजवीरचा किती? अडतीसशे बावन्न! सेहेचाळीस रुपये जास्त देऊन साखर घेतली त्यानं. अख्खा बाजार हसला. आता मला सांगा, मी मोबाइलातनं आकडा चोरून दिला असता तर सहाचं बावन्न कसं झालं असतं?"

साहेबांचं पेन थांबलं. लॅबमध्ये नव्या पोरांना ते एक गोष्ट सांगत. नऊ वेळा बरोबर आलेलं माप तुम्हाला काही शिकवत नाही. दहाव्या वेळी जे चुकतं, ते कसं चुकलं ते बघा, म्हणजे उपकरण कुठलं होतं ते कळेल. राजवीर नेहमी एक रुपया वर जातो. म्हणजे त्या दिवशी त्याला कळलेला आकडा सहा नव्हता. एक्कावन्न होता.

सहाचं एक्कावन्न करणारं हे कसलं उपकरण?

३

दुपारी साहेब राजवीरच्या ऑफिसात शिरले आणि एसीचा गारठा अंगावर आला. त्याने तोंड भरून स्वागत केलं. तिशीतला, गोरा, हसरा गडी.

"या या, कांबळेसाहेब! बसा की. आबांनी धाडलंय न्हवं? मला ठाऊक हाय, लोक काय बोलत्यात ते." त्याने कॉफी मागवली. "साहेब, भाव काढणं ही विद्या हाय. माझा अंदाज बसतोय, तुमच्या आबांचा बसत न्हाय."

"आणि बावन्नला काय झालं होतं विद्येला?"

राजवीरचं हसू जरा आखडलं. "चुकतंय की माणूस."

साहेबांनी विषय बदलला. भिंतीवर शाहू मार्केट यार्डातल्या गुळाच्या सौद्याचा जुना काळा-पांढरा फोटो होता. गुळाच्या रव्यांची, म्हणजे ढेपांची, रांग, फेटेवाले व्यापारी, आणि मधोमध दोघांच्या हातांवर टाकलेला रुमाल. साहेब त्याच्याजवळ जाऊन उभे राहिले.

"आवडला?" राजवीर उत्साहाने सांगू लागला. "मला जुन्या बाजाराचं लई वेड हाय. रुमालाखाली भाव करायचे लोक! तोंडानं अवाक्षर न्हाय. तुमच्या आबांचा एक किस्सा सांगू? तरणेपणी एकदा सौदा इतका ताणला की समोरच्याच्या बोटातली अंगठी वाकली. आबांनी दाबून वाकवली! पण त्या गड्यानं हात सोडला न्हाय, हूं का चूं केलं न्हाय. रुमाल काढायच्या आधी अंगठी उतरवून खिशात टाकली. बाजारात कुणालाच पत्ता लागला न्हाय."

"छान आहे किस्सा," साहेब म्हणाले. कॉफी अर्धी ठेवून ते उठले.

खाली येऊन त्यांनी रिक्षा केली नाही. दसरा चौकापर्यंत चालतच निघाले. रुमालाखाली काय झालं हे बाजारात कुणालाच कळलं नाही, असं राजवीर स्वतःच म्हणाला होता. म्हणजे ते दोनच माणसांना ठाऊक होतं. एक आबा. दुसरा तो अंगठीवाला. आणि राजवीर त्या वेळी जन्मालाही आला नव्हता.

त्यांनी फुटपाथवर उभं राहूनच आबांना फोन लावला. "आबा, सौद्यात तुम्ही कुणाची अंगठी वाकवली होती?"

 पलीकडून आबांचा थक्क आवाज आला. "तुमास्नी कुणी सांगितलं? मी तर आजपातूर बायकोला बी सांगितलं न्हाय. भाऊसोची अंगठी ती. लग्नातली."

४

त्या संध्याकाळी साहेब मार्केट यार्डात गेले. काम काहीच नव्हतं. पाय तिकडे वळले एवढंच.

त्यांचे वडील, अण्णा, याच बाजारात हमाल होते. शाळा सुटली की लहानगा प्रसेनजीत दुपारची भाकरी घेऊन यायचा. गुळाचा दमदार वास, ओली गोणपाटं, बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज आणि त्या सगळ्यात रुमालाखाली चाललेले मुके सौदे. अण्णा तीस-तीस किलोचे रवे मानेवर घ्यायचे, घामाने आणि गुळाने चिकट व्हायचे. जेवताना कधी लहर आली की आपलं धोतराचं टोक दोघांच्या हातांवर टाकून पोराशी सौदा करायचे. एक बोट धरलं की एक, दोन धरली की दोन, अख्खा पंजा धरला की पाच. पंजा आणि दोन बोटं म्हणजे सात. शेकड्याचा आकडा सगळ्या बाजाराला ठाऊक असायचा, दाबायचे ते शेवटचे दोन आकडे.

साहेब एका बंद गाळ्याच्या पायरीवर बसले. अण्णांचा तो घट्टे पडलेला, उबदार तळवा त्यांना स्पष्ट आठवला आणि डोळे भरून आले. असा हात पुन्हा कधी हातात आला नाही.

एकदा अण्णांनी पंजा दाबला आणि मग एक बोट दाबलं. पोर ओरडलं, "एक्कावन्न!" अण्णा हसले होते. "एक्कावन्न न्हाय रं येड्या, सहा. एक्कावन्न असतं तर मधी हाताला झटका दिला असता. पाच, झटका, एक. झटका न्हाय म्हंजी दोनीची बेरीज करायची. झटका चुकला की घर बुडतंय."

साहेब पायरीवरून ताडकन उठले. गुळाची गाडी भरणारा एक हमाल त्यांच्याकडे बघतच राहिला. लकव्याने अर्धवट झालेल्या, आपोआप थरथरणाऱ्या हातात झटका कुठला आणि थरथर कुठली, हे कोण ओळखणार? त्या एका शनिवारी थरथरीचा झटका झाला होता.

शनिवारचा भाव आबांच्या डोक्यात घोळायला लागेपर्यंत साहेब थांबले आणि शुक्रवारी दुपारी भाऊसो यायच्या तासभर आधी पेढीवर गेले. तेलाची वाटी पुढे ओढली, आबांचा उजवा हात हातात घेतला आणि वर टॉवेल टाकला.

"ह्ये काय, साहेब?"

"आज व्यायाम माझ्याबरोबर. आबा, एक भाव डोक्यात पक्का करा. अगदी खरा, उद्या टाकायचा असल्यासारखा. मला सांगू नका. आणि माझ्याशी गुळाच्या बाजाराचं बोला."

आबा बोलू लागले. कुठल्या साली पाऊस लवकर आला, कुठल्या अडत्याची गाय बाजारात शिरली. बोलता बोलता त्यांची बोटं साहेबांची बोटं दाबत होती, सोडत होती. आधी नुसताच व्यायाम होता, वेडावाकडा. मग आबा गप्प झाले, नजर खिडकीबाहेर गेली आणि जप करणाऱ्याचे ओठ हलावेत तसा तो हात हलू लागला. तीन बोटं. झटका. चार बोटं. थोडं थांबून पुन्हा तीन, पुन्हा चार.

"अडतीसशे चौतीस," साहेब म्हणाले.

आबांनी विस्तव लागल्यासारखा हात काढून घेतला. टॉवेल खाली पडला. ते आपल्याच पंजाकडे बघत राहिले.

"तुमास्नी कुणी शिकवलं?" त्यांनी शेवटी विचारलं.

"अण्णांनी. बाजारात सगळ्यांना येत होतं, आबा. रुमाल तेवढा सगळ्यांसाठी नव्हता."

आबांनी मान खाली घातली. "खरं हाय. तुमच्या वडलांनी माझा माल हजार वेळा उचलला. त्यांचा हात मी कवा हातात घेतला न्हाय." आणि मग जे कळलं होतं ते त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू पसरत गेलं. "साहेब... रोज ह्यो हात भाऊसोच्या हातात आसतोय."

जिन्यात काठीचा आवाज वाजू लागला. भाऊसो आज लवकर आले होते.

५

दारातच भाऊसोंनी दोघांचे चेहरे पाहिले, पडलेला टॉवेल पाहिला आणि काठी भिंतीला टेकवली. लपवाछपवी त्यांना जमण्यासारखी नव्हती.

"कळलं म्हणायचं," ते म्हणाले आणि बाकावर बसले.

"तीन गोष्टी होत्या, भाऊसो," साहेब म्हणाले. आवाज त्यांनी चढवला नाही. "गगनबावड्याच्या दिवशी यशराज नव्हता, तसे तुम्हीही नव्हता. तुम्ही त्याच्या शेजारच्या सीटवर होता. दुसरं, सहाचं एक्कावन्न. ती चूक मोबाइलची नाही, पंजाची आहे. आणि अंगठीचा किस्सा राजवीरला सांगणारा जगात एकच माणूस उरतो. साडेतीनला तुम्ही पान खायला खाली जाता. तो तिथेच भेटतो ना?"

भाऊसोंनी मान डोलावली.

"किती दिलं त्यानं तुला?" आबा गरजले.

"काय बोलतोस, जोत्या! पानाचे पैसे बी माझे मीच दिलेत." भाऊसो उसळून म्हणाले. "मंडळी गेल्यापासनं घरात माझ्यासंगं कोण बोलतंय? सुना-नातवंडं आपापल्या मोबाइलात. मी गुळाचा बाजार म्हटलं की उठून जात्यात. ह्यो राजवीर रोज संध्याकाळी गाडीत घालून घरी सोडायचा, दारात तासभर बसायचा, मग काय झालं आजोबा, म्हणून विचारायचा. एका शनवारी खाली पानाच्या टपरीवर म्हणाला, अजून हात वाचता येतोय काय तुमास्नी? मी म्हटलो, येतोय की! आजच जोत्याचा बेचाळीस वाचलाय. बढाई मारली. चारला निकाल लागला तवा समजलं मी काय केलं ते."

"समजलं, आणि तरी पुढं सांगत राहिलास?"

"सांगत राहिलो." भाऊसोंनी नजर वर केली. "न्हाय सांगितलं तर तो यायचा बंद झाला असता."

 वरच्या मजल्यावर क्लासमधली पोरं एका सुरात काहीतरी पाठ करत होती.

"उद्यापासनं सांगणार न्हवतो," भाऊसो पुटपुटले. "पोराचं नाव निघालं तवाच ठरवलं."

"त्यानं काय झालं असतं माहिताय?" साहेबांना आता राग आवरला नाही. "यशराजवर संशय घेतला आणि लगेच भाव फुटायचा थांबला! त्याच्यावर कायमचा शिक्का बसला असता. तुमच्या गप्प राहण्यानं ते पोर चोर ठरलं असतं, भाऊसो."

भाऊसोंना हे सुचलंच नव्हतं. त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि म्हातारं माणूस रडतं तसे आवाज न करता रडू लागले. आबा उठले, खिडकीपाशी गेले, पाठ करून उभे राहिले. पन्नास वर्षांच्या दोस्तीचं काय करायचं ते त्यांना तिथे उभ्या उभ्या ठरवायचं होतं.

"तीनला येत जाऊ नकोस," ते तसेच पाठमोरे म्हणाले.

भाऊसो काठीकडे सरकले.

"टेंडर चारला उघडतंय. साडेचारला ये. आणि तुझं जे काय सांगायचं आसंल ते मला सांग. मीबी त्या बाजारातलाच हाय की."

६

शनिवारी साडेतीनला आबा यशराजच्या केबिनमध्ये गेले. पुतण्याच्या केबिनमध्ये ते आजवर कधी गेले नव्हते. काम असलं की हाक मारायचे. साहेब दारातूनच मागे फिरू लागले, पण आबांनी त्यांना थांबून राहायची खूण केली. साक्षीदार हवा असावा.

टेबलावर यशराजची बॅग होती. वर नीट घडी घातलेले दोन शर्ट.

"साहेबांनी सांगितलं न्हवं तुला सगळं?" आबांनी विचारलं.

"सांगितलं."

"चुकलं माझं." असे शब्द आबांच्या तोंडून पेढीत कुणी कधी ऐकले नव्हते. बाहेर दीप्तीने टायपिंग थांबवलं.

यशराजने शर्ट बॅगेत ठेवले. "मोबाइलवर संशय घेतलासा, पडद्यावर घेतलासा, ते ठीक हाय काका. तुम्हाला त्यातलं कळत न्हाय. पण मला एकदा समोर बसवून विचारायचं की. यशा, तू केलंस काय? एवढंच विचारायचं. मी न्हाय म्हटलो असतो, विषय संपला असता."

"भ्यालो," आबा म्हणाले.

"कशाला?"

"तू व्हय म्हटला असतास तर?" आबांनी विचारलं. "मग मी काय करणार हुतो रं? कुणाचं तोंड बघून घरी गेलो असतो? म्हणून विचारलंच न्हाय. न विचारता घालवलं असतं तर निदान मनात म्हणता आलं असतं, पोरानं केलं नसंलही."

 यशराजने स्वतःची खुर्ची काकांच्या मागे सरकवली आणि ते तिच्यात बसेपर्यंत त्यांचा दंड धरून ठेवला.

"आजचा भाव तू टाक," श्वास जागेवर आल्यावर आबा म्हणाले. "तुझ्या अकलेनं. मला सांगू नकोस. माझा हात फुटका हाय."

यशराजने लंडनचा भाव पाहिला, गोदामातल्या साठ्याचा कागद पाहिला, कपाळ चोळलं. चारला दोन कमी असताना त्याने आकडा पाठवला. नंतरची चार मिनिटं काही केल्या सरेनात. चार वाजून दोन मिनिटांनी मोबाइल वाजला. यशराजने वाचलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"हरलो काका. शाहूपुरीतल्या मारवाड्याला गेली. अडतीसशे तीस."

"आपला किती हुता?"

"अडतीसशे एकवीस."

"राजवीरचा?"

"अडतीसशे बारा."

आबांनी बोटांवर हिशेब केला आणि एकदम मोठ्याने हसले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. "नऊ! साहेब, ऐकलंसा काय? नऊ रुपयानं हरलो! दीप्ती, नऊ रुपयानं हरलो गं!"

झुंबरबाई चहाचा ट्रे घेऊन दारात आल्या आणि म्हातारा खुळावला की काय अशा नजरेने बघत उभ्या राहिल्या. साहेबांनी कप उचलला. चहा गरम होता.

हसणं ओसरल्यावर आबांनी बॅगेकडे पाहिलं. विचारायचा धीर होईना, तरी या वेळी त्यांनी विचारलं.

"सोमवारी किती वाजता निघणार हाईस?"

"सोमवारी पलीकडच्या कारखान्याचं टेंडर हाय की," यशराज पडद्याकडे वळत म्हणाला. "कुठं निघणार?"